परसबागेतील अनुभव : ऐकीव आणि पडताळलेला

परसबाग करणारी दोन माणसे भेटली की बोलणे लवकरच कुंड्यांवर येते. 'कढीलिंबाला ताक घाला', 'गुलाबाला चहाचा चोथा द्या', 'तुळशीच्या मंजिऱ्या खुडा', अशा सूचनांची देवघेव सुरू होते. हे ज्ञान बहुतांशी मौखिक आहे. ओव्या आणि म्हणी यांचा अभ्यास करणाऱ्या कलाशाखेने या मौखिक ज्ञानाकडेही अभ्यासविषय म्हणून पाहावयास हरकत नाही. प्रश्न असा की, त्यातील ग्राह्य काय आणि त्याज्य काय, हे ठरवावयाचे कसे ? या दृष्टीने अशा अनुभवांचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार वनस्पतीच्या स्वभावावर आधारलेल्या अनुभवांचा. तुळशीत बी धरू लागले की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि नवी पालवी मंदावते. मंजिऱ्या वेळीच खुडल्या तर फांद्या फुटत राहतात. हा सल्ला रत्नागिरीत खरा ठरतो, तसाच नागपुरातही खरा ठरतो. कारण तो झाडाच्या प्रकृतीतूनच आलेला आहे.

दुसऱ्या प्रकारात निरीक्षण अचूक असते, परंतु अनुमान चुकते. 'आमच्या दुध्याला नुसती वांझ फुले येतात' ही तक्रार आपण सर्वांनी ऐकली असेल. वस्तुतः दुधी, तांबडा भोपळा, दोडका यांच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या पाठीशी इवलेसे फळ असते, नरफुलाला केवळ देठ असतो. आरंभी बहुधा नरफुलेच येतात. ती गळतात आणि वेल वांझ ठरविला जातो. पुढे मादीफुले आली तरी वरच्या मजल्याच्या गॅलरीत कीटक पोहोचले नाहीत, तर कोवळे फळ पिवळे पडून गळते. अशा वेळी नरफुलाच्या पाकळ्या काढून त्यातील पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. मात्र तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुध्याचे पांढरे फूल संध्याकाळी. ही वेळ न सांगता युक्ती सांगितली, तर सकाळी दुध्यावर ती करून पाहणारा निराश होतो आणि खऱ्या सल्ल्यालाही खोटे म्हणतो.

तिसरा प्रकार स्थलसापेक्ष अनुभवांचा. अंड्याची टरफले कुटून कुंडीत घालावीत, असे पुष्कळ जण सांगतात. टरफल म्हणजे मुख्यतः चुनाच होय. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तेथे चुन्याचा काही उपयोग संभवतो. देशावरील काळी माती मात्र बहुधा मुळातच चुनखडीयुक्त असते. तिच्यात चुना वाढला की झाडाला लोह घेणे अवघड जाते. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उलट, जुनी पाने आधी पिवळी पडू लागली तर नत्राची उणीव असण्याचा संभव अधिक. दोन्हींना 'पाने पिवळी पडली' असेच म्हटले जाते, पण उपाय निराळे आहेत. तेव्हा सल्ला विचारताना कोणते पान, कोणती माती, ऊन किती तास, हे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

अनुभवांच्या अशा देवघेवीला पद्धतीचे रूप कसे देता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकविणारे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. स्वतःच्या शेतात वा बागेत प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि निष्कर्ष इतरांना मोकळेपणाने कळवावा, हे त्याचे सूत्र. सांगली भागातील द्राक्षबागायतदारांना त्याचा मोठा लाभ झाला. पुढे याच विचाराने मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यातून भाजीपाला आणि फळझाडे वाढविण्यात आली. प्रयोग करण्यास पदवी लागत नाही, निष्ठा लागते, हे त्यावरून दिसून येते.

आपणही एवढे करू शकतो. एकाच दिवशी, एकाच मातीत, एकाच जातीची दोन रोपे लावावीत. एकाला ऐकलेला उपाय करावा, दुसऱ्याला करू नये. बाकी पाणी आणि ऊन सारखेच ठेवावे. महिनाभर वहीत तारीखवार नोंद करावी आणि फसलेला प्रयोगही लिहून ठेवावा. कारण यशाच्या गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात, पण फसलेल्या उपायाची नोंद नसल्यामुळेच पुढचा माणूस तोच उपाय करून आणखी एक रोप गमावतो.

परसातील जाणती पिढी आज आपल्यामध्ये आहे. तिचे ज्ञान विचारून, लिहून आणि पडताळून घेतले नाही, तर त्यातील खरे तेवढे लोपेल आणि सोपे तेवढे उरेल. वही घालावयास याहून चांगला मुहूर्त नाही.