बळ कमवावे, अंग जपावे

विद्यार्थिमित्रांनो, व्यायामाची महती आपणांस नव्याने सांगावी, असा या लेखाचा हेतू नाही. ती आपण घरी आजोबांच्या तोंडून व शाळेत आमच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकली आहे. व्यायाम करावा हे सर्वांस ठाऊक असते. तो किती करावा, कोणत्या क्रमाने वाढवावा आणि कोठे थांबावे, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. या अज्ञानाची किंमत काय पडते, ते आम्ही स्वतः पाहिले आहे. त्यात दोष आमचाही होता, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुटी संपून संध्याकाळची तालीम पुन्हा सुरू झाली होती. त्या दिवशी दहावीतील एक मुलगा प्रथमच आला. अंगाने धडधाकट, स्वभावाने ईर्षेचा. जुनी मुले बैठका मारीत होती. त्यांतील एकाने सहज म्हटले, "बघू तुझ्या मांड्यांत किती दम आहे." झाले! मुलगा लंगोट कसून उभा राहिला. आम्ही पलीकडे मल्लखांबावर लहान मुलांना तेढी शिकवीत होतो. मोजणीचा गलका कानांवर येत होता. तीनशेचा आकडा ऐकू आला तेव्हा आम्ही तेथूनच "शाबास!" म्हटले. त्या एका शब्दाची लाज आम्हांस अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलास जिना उतरता येईना. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. घरच्यांना वाटले, उन्हाळी लागली असेल. त्यांनी धन्याचे पाणी दिले. सुदैवाने शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी त्यास रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरला. तेथे त्यास पाच दिवस शिरेतून सलाईन द्यावे लागले. मूत्रपिंडे वाचली. डॉक्टर आम्हांस म्हणाले, "गुरुजी, आणखी दोन दिवस घरी काढले असते तर कठीण होते."

असे का व्हावे? सवय नसलेल्या स्नायूंवर एकाएकी अतोनात ताण पडला, तर त्यांतील तंतू मोठ्या संख्येने फुटतात. त्यांतील मायोग्लोबिन नावाचे लाल रंगाचे द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडू लागते. ते फार झाले म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावते. प्रसंगी बंदही पडते. तेव्हा बैठकांसारखा निरुपद्रवी वाटणारा व्यायामही प्रमाण सुटले की जिवावर बेतू शकतो.

आमच्या शहराचा वारसा

ही चूक बडोद्यात व्हावी, याचे आम्हांस विशेष वाईट वाटते; कारण व्यायामास शास्त्राचे रूप देण्याचे मोठे काम याच शहरात झाले आहे. जुम्मादादा या मुसलमान वस्तादांच्या नावाने चालत आलेले व्यायाममंदिर आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांची नावे आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघर माहीत होती. माणिकरावांची दोन कामे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक, त्यांनी पुष्कळ मुलांनी एका वेळी, एका आज्ञेवर करावयाच्या सांघिक व्यायामास भारतीय भाषेतील आज्ञा देऊन शिस्तबद्ध रूप दिले. दुसरे, ते हाडे बसविण्यात निष्णात होते. अंग घडविणारा आणि मोडलेले अंग सांधणारा हात एकच होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याला सांधा कसा निखळतो हे कळते, तोच सांध्यावर किती भार घालावा हे सांगू शकतो.

येथेच १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे या तरुणाने माणिकरावांपाशी शिक्षण घेतले. त्यांचा जन्म बडोद्याजवळील डभोई गावी १८८३ साली झाला होता. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ते प्रसिद्ध झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, याची यंत्रांच्या साहाय्याने तपासणी आरंभिली. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' हाही बडोद्याचाच. या मंडळींनी व्यायामाकडे केवळ हौस म्हणून पाहिले नाही. अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले. आपणही तसेच पाहू.

बळ वाढते कसे?

व्यायाम करीत असताना बळ वाढते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः व्यायामाने स्नायू थकतात. बळ वाढते ते त्यानंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि खाल्लेल्या अन्नातून. भार, विश्रांती आणि आहार ही तिवईची तीन पावले आहेत. एक आखूड पडले तरी तिवई कलंडते.

नव्या माणसाचे बळ पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढल्यासारखे वाटते. परंतु तेवढ्यात दंड फुगलेले नसतात. मेंदू व मज्जातंतू स्नायूंस नीट कामास लावण्यास शिकतात, म्हणून ही वाढ दिसते. स्नायू त्यानंतर भरू लागतात, आणि स्नायूंस हाडांशी बांधणारे कंडरे सर्वांत सावकाश बळकट होतात. म्हणूनच दोन महिन्यांच्या व्यायामानंतर अंगात जोर आला असे वाटून भार एकदम वाढविणाऱ्यांचे खांदे आणि गुडघे प्रथम दुखावतात.

आता थोडे गणित करू. नवशिक्याने पहिल्या आठवड्यात दहा-दहांच्या दोन फेऱ्या, म्हणजे एका दिवशी २० बैठका, आठवड्यातून एकाआड एक तीन दिवस माराव्यात. पुढे दर आठवड्यास आदल्या आठवड्याच्या एक-दशांश वाढ करावी. या हिशेबाने शंभर बैठकांवर येण्यास १७ आठवडे, म्हणजे सुमारे चार महिने लागतात. आणि तीनशेवर येण्यास २९ आठवडे. आमच्या त्या विद्यार्थ्याने जवळजवळ सात महिन्यांची मजल पहिल्याच संध्याकाळी मारण्याचा प्रयत्न केला होता. पाटीवर हा हिशेब मांडून पाहावा. कोणत्याही उपदेशापेक्षा तो अधिक बोलका आहे.

वजने आणि वाढते वय

"वजने उचलली की मुलांची उंची खुंटते," हे वाक्य आम्ही पालकांच्या तोंडून दरवर्षी ऐकतो. यास शास्त्राचा आधार नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांपाशी मऊ कूर्चेचा थर असतो व तेथून हाड लांबते, हे खरे. त्या थरास इजा झाली तर हाडाच्या वाढीत दोष येऊ शकतो, हेही खरे. परंतु अशी इजा होते ती वजन अंगावर पडल्याने, वाकड्या पद्धतीने उचलल्याने किंवा पैजेखातर ताकदीबाहेरचे उचलल्याने. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, बेताचे वजन, नीट पद्धतीने उचलल्यास मुलांची हाडे उलट बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. यात मुलींस वगळलेले नाही, हे आम्ही मुद्दाम लिहितो.

वजन किती घ्यावे? जे दहा ते पंधरा वेळा सावकाश उचलता येते आणि शेवटीही आणखी दोनदा उचलता येईल असे वाटते, ते आपले वजन. जमिनीवरील वजन उचलताना ते पायांजवळ असावे, पाठ ताठ ठेवावी, गुडघे व कंबर यांतून वाकावे आणि जोर मांड्यांनी लावावा. जोर काढताना कंबर लोंबू देऊ नये. बैठकीत गुडघे आत पडू देऊ नयेत. जोडी फिरविताना खांदा मोकळा झाल्यावाचून जड जोडीस हात लावू नये. श्वास कोंडून धरू नये. जोर लावताना सोडावा.

आता एका शिळेविषयी. सयाजीबागेतील संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ साली उचलली म्हणून सांगितली जाणारी मोठी शिळा आपण पाहिली असेल. तिचे वजन १२०० किलोग्रॅम सांगतात. गामा थोर मल्ल होता, यात शंका नाही. पण हेही लक्षात ठेवावे की, २०१६ साली एडी हॉल या इंग्रज बलवानाने जमिनीवरून ५०० किलोग्रॅमची कांब उचलली, तेव्हा तो साऱ्या जगाचा विक्रम झाला. आणि ती उचलताच तो कोसळला व त्याच्या नाकातून रक्त वाहिले. आकड्याने भारावून जाण्यापूर्वी तो आकडा तपासून पाहावा. आपल्या अंगाची परीक्षा शिळेने घेऊ नये.

सांघिक व्यायामाचे गुण आणि धोके

एकट्याने केलेला व्यायाम चार दिवसांत कंटाळवाणा होतो. मेळ्याने केलेला टिकतो. हलगीच्या तालावर पन्नास लेझिमी एकदम वाजू लागल्या म्हणजे आळशाचे पायही आपोआप उचलतात. पावसाळ्यात घरी पडून राहावेसे वाटते तेव्हा सोबती दारात येऊन हाक मारतो, हा संघाचा मोठा लाभ.

परंतु आज्ञा एक असली तरी अंगे निरनिराळी असतात. तेरा वर्षांचा किडकिडीत मुलगा आणि सतरा वर्षांचा भरलेला तरुण एकाच मोजणीवर जोर काढू लागले, तर एकास ते खेळ वाटते आणि दुसऱ्याचे खांदे मोडतात. शिवाय संघात मागे पडण्याची लाज असते. दुखत असताना "दुखते" म्हणण्यास धैर्य लागते. पुष्कळदा जोर काढण्यापेक्षा अधिक लागते.

त्या प्रसंगानंतर आम्ही तालमीत चार नियम केले. पहिला, नवीन मुलाने पहिला महिनाभर पुढच्या रांगेत, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर उभे राहावे. दुसरा, प्रत्येकास एक जोडीदार असावा. जोडीदाराची पाठ वाकली की त्याने सांगावे. तिसरा, प्रत्येकाने वही ठेवावी आणि वहीत ठरलेल्या संख्येच्या पुढे त्या दिवशी जाऊ नये. चौथा, कोणीही हात वर करून बाजूस झाला तर त्याचे कारण सर्वांसमक्ष विचारू नये. पैज तर कायमची बंद केली. आरंभी मुले कुरकुरली. आता नवीन मुलांस ती स्वतःच नियम समजावितात.

इजा टाळणे आणि ओळखणे

आरंभी दहा मिनिटे अंग मोकळे करावे. जागेवर धावणे, सांधे फिरविणे, हलक्या बैठका, एका पायावर तोल सांभाळणे, एवढे पुरे. हा वेळ वाया जात नाही. फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींसाठी तयार केलेल्या सुमारे वीस मिनिटांच्या अशा पूर्वतयारीने इजा सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, असे अभ्यासांत आढळले आहे. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत व्यायाम पहाटे करावा, मधून मधून पाणी प्यावे आणि घेरी आल्यास तत्काळ सावलीत निजावे.

अंग आंबणे निराळे आणि इजा निराळी. नव्या व्यायामाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकतात आणि पुढे आपोआप मोकळ्या होतात. त्याचे भय नको. परंतु एकाच जागी एकाएकी कळ आली, सांधा सुजला, हातापायास मुंग्या आल्या किंवा त्यावर भार देता येईना, तर ती इजा समजावी. अशा वेळी व्यायाम थांबवावा, तो भाग उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा आणि बेताची पट्टी बांधावी. पाय मुरगळताच तेल चोळण्याची व ओढून बसविण्याची आपल्याकडे फार घाई असते. आत हाड मोडले असेल तर त्यामुळे मोठे नुकसान होते. माणिकरावांचा हात प्रत्येकास नसतो. डॉक्टरांकडे जावे. आणि व्यायामानंतर लघवी तांबूस वा काळी झाली, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खुराकाविषयी एवढेच, की दूध, डाळी, शेंगदाणे, ज्यांच्या घरी चालतात त्यांनी अंडी, आणि आठ-नऊ तास झोप यांवर शालेय वयातील शरीर उत्तम भरते. झटपट दंड फुगविण्याची आमिषे दाखवून कोणी भुकटी किंवा सुई पुढे केली, तर त्याच्याकडे पाठ फिरवावी आणि घरी सांगावे.

तो मुलगा तीन महिन्यांनी पुन्हा तालमीत आला. वडील बरोबर होते. त्यांनी आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही; फक्त विचारले, "गुरुजी, आता किती माराव्यात?" आम्ही म्हटले, "दहा." मुलाने दहा बैठका मारल्या, वहीत आकडा लिहिला आणि तो बाजूस जाऊन बसला. त्या दहा बैठकांना आम्ही मनापासून शाबासकी दिली. आज तो मोठा झाला आहे. सुटीत गावी आला की संध्याकाळी तालमीत येतो आणि नव्या मुलांच्या वह्या तपासतो. कोणी आकड्यापुढे गेलेला दिसला, की त्यास जवळ बसवून घेतो आणि आपली हकीकत सांगतो. आमच्या व्याख्यानाहून तिचा परिणाम अधिक होतो, हे आम्ही आनंदाने मान्य करतो.