मोत्याला जाऊ द्यावे का?



घर-आशीर्वादासाठी आम्ही लातूरमधील एका कुटुंबाकडे गेलो होतो. (कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहोत, काही तपशील बदलले आहेत.) प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले, चहा आला, पण घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. कोपऱ्यात पोत्यावर चौदा वर्षांचा मोत्या पडून होता. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आमची चाहूल लागताच त्याने कान हलवले, उठणे मात्र जमले नाही.

मुलगा नांदेडला नोकरीला, दर शनिवारी घरी येणारा. तो म्हणाला, "फादर, आता तुम्हीच समजवा बाबांना. डॉक्टर म्हणतात, सुई देऊन मोकळं करा त्याला. हे ऐकतच नाहीत." बाबा खुर्चीत होते, शेजारी त्यांचा स्वतःचा वॉकर. भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "आज मोत्या, उद्या माझा नंबर." मुलगा उठून बाहेर गेला. सूनबाईंनी कप उचलले.

त्या संध्याकाळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आजचा हा अभ्यास.

आमच्या लहानपणी खेड्यात हा प्रश्न असा समोर येत नसे. एके दिवशी म्हातारा बैल दावणीला दिसत नसे. वडील त्याला हाळी-हंडरगुळीच्या बाजारात घेऊन गेलेले असत. पोळ्याला ज्याची शिंगे आम्ही रंगवली, तो "चांगल्या घरी दिला" असे आम्हा मुलांना सांगितले जाई. ते घर कोणते, हे कोणी विचारीत नसे. विचारू नये हेही आम्हाला कळत असे. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि तो रस्ता बदलला, तो विषय वेगळा. सांगायचे एवढेच, की निर्णय बाजारावर ढकलण्याची ती एक सोय होती. घरातल्या कुत्र्याच्या बाबतीत ती सोय नाही. निर्णय घरातल्याच कोणाला तरी घ्यावा लागतो, आणि मग भांडणही घरातच होते.

आता पहिला प्रश्न: असे करणे पाप आहे का? ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २४१६ ते २४१८ प्राण्यांविषयी आहेत. प्राणी देवाची निर्मिती आहेत, त्यांना दयेने वागवावे, विनाकारण त्यांना यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तेथे म्हटले आहे. भर "विनाकारण" या शब्दावर आहे. बरे न होणाऱ्या आजारात वेदना थांबवणे हे विनाकारण मारणे नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, ज्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल त्याचा अंत करण्याची तरतूद आहे. त्याच परिच्छेदांत दुसरी बाजूही आहे: माणसाच्या हक्काची माया जनावरावर उधळू नये. हे वाक्य मात्र कोणी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर फेकू नये. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेल्या दाखल्यातला गरीब माणूस आठवा. त्याची कोकरी त्याच्याच ताटात खात असे, त्याच्या कुशीत झोपत असे. शास्त्र त्या मायेला हसत नाही.

"देवानेच न्यावे, आपण हात लावू नये," असे बाबा म्हणत होते. यात श्रद्धा आहे, पण एक गैरसमजही आहे. किडनीच्या आजारात कुत्रे झोपेत अलगद जातेच असे नाही. मळमळ होते, तोंडात व्रण पडतात, अन्न सुटते. शिवाय कुत्री दुखणे लपवतात. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असे नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही देकार्तचे मत वाचले होते, की जनावर हे एक यंत्रच. ज्याने कुत्रा पाळला आहे त्याला ते पटणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे आम्हाला जवळचे वाटते: जनावराला संवेदना आहे, विवेकबुद्धी नाही. म्हणजे त्याला दुखते, पण त्या दुखण्याचे तो काही करू शकत नाही. "उद्या बरे वाटेल" असा धीर तो स्वतःला देऊ शकत नाही, कोणाला क्षमा करू शकत नाही, आपले दुःख देवाला अर्पण करू शकत नाही. त्याच्यापाशी फक्त ते दुखणे असते.

आणि नेमके इथेच बाबांच्या वाक्याचे उत्तर आहे. माणसाचे शेवटचे दिवस वेगळे असतात. त्यांत बोलायचे राहिलेले असते, मिटवायचे राहिलेले असते. म्हणून माणसाच्या बाबतीत दयामरण ख्रिस्तसभेला मान्य नाही. निरुपयोगी आणि असह्य उपचार थांबवणे ही वेगळी गोष्ट, ती मान्य आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळला. त्या अर्जाला विरोध करणाऱ्या परिचारिकांनी २०१५ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांची सेवा केली. माणसाला आपण असे सांभाळतो. पण हे बाबांना घरात कोणी सांगितले होते का? मुलाला ते इतके उघड वाटत होते की बोलून दाखवायचे राहूनच गेले. आम्ही त्याला बाहेर ओट्यावर गाठून एवढेच म्हटले, "कुत्र्याचे नंतर पाहू. आधी तुमचे स्वतःचे बोला." तो काय बोलला, ते आम्हाला ठाऊक नाही.

दुसऱ्या फेरीत आम्ही एक साधा उपाय सुचवला. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली एक मोजपट्टी मांडली. दुखणे, खाणे, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे. एवढा हिशेब जमत नसेल तर कालनिर्णयवर रोज खूण करावी: आजचा दिवस त्याला बरा गेला की वाईट? खूण मात्र जो भरवतो, पुसतो त्यानेच करावी. शनिवारी येणाऱ्याने नव्हे. बाबांनी अकरा दिवस खुणा केल्या. दोन बरे, नऊ वाईट. बाराव्या दिवशी डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला.

पुढे काय होते हे आधी माहीत असलेले बरे. प्रथम गुंगीचे औषध देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून. काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबते. डोळे बहुधा उघडेच राहतात, नंतर एखादी थरथर होऊ शकते. ती वेदना नव्हे. मोत्याचे डोके बाबांच्या मांडीवर होते. सूनबाईंनी लेकीला शाळेत पाठवले नाही, आणि आमच्या मते ते योग्यच केले.

खड्डा मुलाने खणला, गावाकडच्या शेतात, बांधावरच्या लिंबाखाली. कुदळीची सवय नसल्याने हाताला फोड आले. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि सांगत होते, "अजून खोल घे. कोल्हे उकरतील."