गाडीच्या इंजिनाला ‘ट्यूनर’ बसवण्यापूर्वी



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी, तोडणी यांविषयी बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे, पण उसाला सोडून नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आता डिझेलवर चालणारी पिकअप, ट्रक किंवा जीपसारखी मोठी गाडी आहे. “साहेब, गाडीला बॉक्स बसवला की २५-३० हॉर्सपॉवर वाढते म्हणतात, बसवू का?” असे गट कार्यालयात वरचेवर विचारले जाते. हा खर्च हजारांत जातो आणि गाडीवर बहुधा कर्ज असते. म्हणून वस्तू काय आहे हे आधी समजून घेऊ.

ट्यूनर काय करतो?

जुन्या इंजिनात मिस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून ‘पंप वाढवून’ देत असे. आताच्या कॉमन रेल इंजिनात तो स्क्रू नाही. प्रवासी मोटारींमध्ये ही पद्धत १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये प्रथम बाजारात आली. हिच्यात सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून अतिशय दाबाखाली डिझेल मिळते. चाकात हवा साधारण २ बार दाबाची असते; इथे डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती दाबाने सोडायचे हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. ट्यूनर या संगणकाला जास्त डिझेल सोडायला लावतो, टर्बो असेल तर हवाही वाढवतो. मूळ गोष्ट पंप वाढवण्याचीच, फक्त हत्यार बदलले. ज्या जुन्या ट्रॅक्टरला संगणकच नाही, त्याला असला बॉक्स घेऊन काहीच उपयोग नाही.

बाजारातले चार प्रकार

१) स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचायची स्वस्त डबी. ‘डिझेल वाचवते’ म्हणून विकतात. यातल्या बऱ्याच डब्यांत दिवा लुकलुकण्यापलीकडे काही नसते. ही घेऊच नये.

२) पेडल बॉक्स. हा फक्त ॲक्सिलरेटरचा संदेश बदलतो. थोड्या दाबात गाडी उसळते, त्यामुळे ताकद वाढल्यासारखे वाटते. इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहते.

३) ट्यूनिंग बॉक्स. हा सेन्सर आणि संगणक यांच्या मध्ये बसतो व दाब आहे त्याहून कमी असल्याचे संगणकाला खोटेच सांगतो. मग संगणक दाब वाढवतो. ताकद खरोखर वाढते आणि बॉक्स काढताही येतो. पण संगणकाला खरा दाब कळत नाही, हा त्यातला दोष.

४) रीमॅप. संगणकातली मूळ फाईल वाचून, बदलून पुन्हा लिहितात. हे काम सर्वांत बारकाईने होऊ शकते, मात्र सगळे करणाऱ्याच्या हातावर आहे. शिवाय कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नवे सॉफ्टवेअर टाकले तर केलेले काम पुसले जाऊ शकते.

जादा ताकदीची किंमत

उसाला युरियाचा जादा हप्ता दिला की पीक हिरवेगार दिसते, शेजारी बांधावर थांबून बघतो. पुढे वाऱ्यात तोच ऊस लोळतो. इंजिनाचेही तसेच आहे. डिझेल वाढले आणि त्या मानाने हवा पुरली नाही, तर काळा धूर निघतो व धुराचे तापमान चढते. त्याचा मार पिस्टन, हेड गॅस्केट आणि टर्बोवर बसतो. कमी फेऱ्यांवर जोर वाढवला तर क्लचप्लेट घसरू लागते. रिकामी गाडी हायवेवर काही मिनिटे हा ताण सोसते. भरलेली गाडी चढावर तासभर कशी सोसेल?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बॉक्सने ओढण्याची ताकद वाढते, थांबवण्याची वाढत नाही. ब्रेक, पाटे, ॲक्सल आणि टायर तेच राहतात. नोंदणी पुस्तकातले मंजूर वजनही तेच राहते. ‘जोर आलाय, आणखी अर्धा टन टाका’ हा विचार उतारावर जिवावर बेततो. त्यात हंगामात गाडी बसली तर तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते आणि उताराही घटतो. ते नुकसान गाडीमालकाबरोबर ऊसमालकाचेही होते.

डिझेल किती वाचेल?

हिशेब करून बघा. पिकअप वर्षाला २०,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते असे धरू. वर्षाला सुमारे १,६६७ लिटर डिझेल लागले. रीमॅपने खरेच ५ टक्के वाचले असे मानले, तर ८३ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर सुमारे ७,५०० रुपये. रीमॅपला २५,००० रुपये लागले तर ते फिटायला तीन वर्षांवर काळ जातो. तोही जादा जोर एकदाही न वापरता! जोर वापरला की डिझेल जास्त जळणारच. ‘३० टक्के बचत’ सांगणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

कायदा आणि धूर

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. त्या गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफ जाळी असते. काहींत युरियाचे द्रावणही लागते. ते ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते. आपल्या खताच्या पोत्यातला निंबोळीयुक्त युरिया त्यात चालत नाही, सारी यंत्रणा बिघडते. काही ट्यूनर ‘जाळी काढून टाकू, ईजीआर बंद करू’ म्हणतात. असे म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेला नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. धुराचे मानक मोडल्यास कलम १९० खाली दंड व शिक्षा आहे. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर इंजिनाचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर तिथेही वाद उभा राहतो.

अमेरिकेत पिकअपना ट्यूनर लावण्याची फार आवड. तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०२० मध्ये अंदाज दिला की मागल्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूर-नियंत्रण यंत्रणा काढली गेली. कॅलिफोर्निया राज्यात मात्र असा भाग कायदेशीर ठरायला सरकारी मंजुरीचा क्रमांक लागतो, आणि जाणता गिऱ्हाईक आधी तो क्रमांक बघतो. आपणही कागद आधी बघण्याची सवय लावावी.

घ्यायचाच असेल तर

आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टायरची हवा, टर्बोचे पाइप आणि इंजेक्टर तपासून घ्या. ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार बऱ्याच वेळा इथेच मिटते. त्यानंतरही हवाच असेल तर विक्रेत्याला एवढे विचारा:

• माझ्याच गाडीचा, एकाच दिवशी, एकाच रोलरच्या यंत्रावर काढलेला आधीचा व नंतरचा आलेख देणार का?
• नेमके काय वाढवणार: दाब, वेळ की टर्बोची हवा? किती?
• धुराचे तापमान कसे तपासणार?
• मूळ फाईलची प्रत मला मिळेल का, आणि गाडी पूर्ववत करून देण्याचे लेखी द्याल का?
• जाळी व ईजीआर जागेवर आणि चालू राहतील, हे बिलावर लिहाल का?
• आरटीओच्या नियमांत हे कसे बसते?

एकाही प्रश्नाला ‘काळजी करू नका मालक’ एवढेच उत्तर आले तर पैसे खिशातच ठेवा. सगळी उत्तरे कागदावर मिळाली तरी सर्वांत जास्त जोराची फाईल मागू नका, सौम्य घ्या.

थोडक्यात, ऊस वाहणाऱ्या गाडीला ट्यूनर लावू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. घरच्या वापराच्या, वॉरंटी संपलेल्या व तब्येतीने धडधाकट गाडीपुरताच विचार करावा, तोही आरटीओत विचारून. उरलेल्यांनी तेच पैसे ब्रेक, टायर आणि इंजेक्टरवर घालावेत. हंगामात गाडी रोज गव्हाणीपर्यंत पोचली पाहिजे आणि ड्रायव्हर रोज घरी.

आपला,
ऊस विकास अधिकारी