लपवलेल्या गाठी

जनावरांत साथ आल्याची कुणकुण लागली की मी गोठ्याच्या आधी डेअरीत जातो. संकलन केंद्राच्या वहीत प्रत्येक घराचं सकाळ-संध्याकाळचं दूध लिहिलेलं असतं. ज्या घरचं वीस लिटर दूध दोन-तीन दिवसांत बारावर आलं, तिथे काहीतरी घडलेलं असतं. मालक सांगायला कचरतो, वहीत मात्र आकडा उतरलेला असतो. नगर जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना २०२२ च्या लम्पीच्या साथीत मला सगळ्यात जास्त मदत या वहीने केली. ती चाळायची वेळ का आली, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

त्या वर्षी गुजरात आणि राजस्थानात गायी मरत असल्याच्या बातम्या उन्हाळ्यापासून येत होत्या. ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला महाराष्ट्रातला त्या लाटेतला पहिला रुग्ण सापडला. पुढे आमच्या तालुक्यातल्या एका गावातून एका तरुण शेतकऱ्याचा फोन आला, "डॉक्टर, गायीला पित्त उठलंय, येऊन जा." जाऊन पाहिलं तर मान, पाठ, कास, सगळीकडे गोल, टणक गाठी. बोटाने चाचपल्या तर कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेल्या. पित्ताच्या गांधी अशा नसतात. त्या चपट्या असतात, झटकन येतात आणि बहुधा दिवसभरात विरून जातात. या गायीला ताप होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांद्यापुढची लसिकाग्रंथी लिंबाएवढी सुजली होती. गळ्याखालच्या पोळीला आणि पुढच्या पायांना सूज उतरायला लागली होती.

त्या तरुणाचा अंदाज चुकला यात नवल नव्हतं. लम्पी हा रोग १९२९ मध्ये आजच्या झांबियात पहिल्यांदा नोंदवला गेला, तेव्हा तिथल्या जाणकारांनाही तो विषबाधेचा किंवा किडे चावल्याचा परिणाम वाटला होता. १९४० च्या दशकात तो आफ्रिकेच्या दक्षिण भागात झपाट्याने पसरला, तेव्हा कुठे संसर्ग आहे हे मान्य झालं. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आला आणि २०२० मध्ये गडचिरोलीच्या बाजूने महाराष्ट्रातही शिरला होता. शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा विषाणू याचा जवळचा भाऊबंद. म्हणूनच आपण गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली.

गाठींवरच्या खपल्या, रक्त आणि नाकातला स्राव असे नमुने घेतले आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जाण्यासाठी रवाना केले. अहवाल येईपर्यंत हात बांधून बसायचं नसतं. लक्षणं स्पष्ट असतील तर आजारी जनावर वेगळं करणं, गोठा फवारणं आणि गावातली ने-आण थांबवणं त्याच दिवशी सुरू करायचं. खरा तपासही तिथूनच सुरू होतो, आणि तो प्रश्न विचारून होतो. पहिली गाठ कधी दिसली? त्याआधी महिनाभरात गोठ्यात कोण आलं? नवं जनावर, व्यापारी, पाहुण्याचा बैल, रेतनासाठी आणलेला वळू, इंजेक्शन देणारा माणूस? आणि गोठ्यातून बाहेर कोण गेलं? विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात, कधी त्याहून जास्त. आंतरराष्ट्रीय नियमावलीत हा काळ २८ दिवसांचा धरलेला आहे, म्हणून मी महिनाभर मागे जातो.

त्या तरुणाच्या गोठ्यात महिनाभरात बाहेरचं काहीच आलं नव्हतं. म्हणजे रोग शेजारून आला होता. शेजारी विचारलं तर सगळे म्हणाले, "आमच्याकडं काही नाही साहेब." मग मी डेअरीत गेलो.

वहीत त्या आळीतल्या एका घरचं दूध तीन आठवड्यांपूर्वी अर्ध्यावर आलेलं दिसलं. त्या घरच्या आबांनी आधी नाही म्हटलं, मग खाली मान घालून मला उसाच्या रानातल्या छपराकडे नेलं. बाजारातून आणलेली एचएफ जातीची गाय तिथे बांधलेली होती. गाठी फुटून जखमा झालेल्या, पायांची सूज इतकी की उठता येत नव्हतं. तिला एका खासगी माणसाने इंजेक्शनं दिली होती, आणि तोच माणूस त्याच दिवसांत त्याच सुईने शेजारच्या गोठ्यांत गेला होता. आबांच्या दावणीची दुसरी गाय, अंगावर दोन-चार गाठी दिसताच, व्यापाऱ्याला निम्म्या किमतीत गेली होती. ती कुठे गेली याचा शोध घेतला, तर दहा-बारा किलोमीटरवरच्या एका वस्तीवर निघाली. तिथे तोवर तीन गोठे लागले होते.

आबा वाईट माणूस नव्हते. घाबरलेला माणूस होता. "साहेब, डेअरीवाले दूध बंद करतील म्हणाले. कर्जाचा हप्ता दुधावर चालतो आमचा." मी त्यांना रागावलो नाही, आणि कोणत्याही पशुवैद्यकाने रागावू नये असं माझं ठाम मत आहे. एका घराला चारचौघांत बोल लावला की पुढच्या दहा घरांचे गोठे आपल्याला बंद होतात. आबांची ती भीती मात्र निराधार होती, आणि हे प्रत्येक दूध उत्पादकाने डोक्यात पक्कं करावं. लम्पी माणसाला होत नाही. उकळलेलं किंवा पाश्चराइज केलेलं दूध पिण्याला धोका नाही. खुद्द आजारी गायीचं दूध मात्र वेगळं काढावं. तिला प्रतिजैविक चालू असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते डेअरीत घालू नये. एवढ्यासाठी सगळ्या घराचं दूध बंद करायचं काहीच कारण नाही.

डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. गावातल्या गावात त्यांचं काम भारी आहे. पण डास आणि माश्या स्वतःच्या पंखांवर सहसा फार लांब जात नाहीत. तालुका ओलांडून, जिल्हा ओलांडून रोग जातो तो टेम्पोतून, आणि टेम्पोत जनावर चढवणारा माणूस असतो. इंग्लंडमध्ये २००१ साली खुरकुताच्या साथीत हेच झालं. १९ फेब्रुवारीला एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरांमध्ये रोग सापडला. माग काढत अधिकारी देशाच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलँडमधल्या एका वराहपालन केंद्रावर पोहोचले. तिथे रोग आधीच काही आठवडे होता आणि कळवला गेला नव्हता. २३ फेब्रुवारीला देशभर जनावरांची ने-आण बंद झाली, पण तोवर रोग लागलेल्या मेंढ्या हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून चारी दिशांना गेल्या होत्या. अखेरीस २,०२६ ठिकाणी रोग निघाला आणि ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. प्रयोगशाळा, पैसा, लष्कर सगळं असलेल्या देशाची ही गत झाली. सुरुवातीचे न कळवलेले दिवस नंतर कुणालाच भरून काढता येत नाहीत.

आपल्याकडे २००९ चा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा आहे. त्यात लम्पीचा समावेश आहे. जनावराला असा रोग झाल्याची शंका आली तर मालकाने ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं आणि जनावर वेगळं बांधणं बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये याच कायद्याखाली सगळा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. बाजार, शर्यती, जत्रेतली प्रदर्शनं बंद झाली. लोकांचे हाल झाले, हे मी जवळून पाहिलं. तरीही ते बाजार बंद झाले नसते तर हाल आणखी झाले असते.

कळवण्यात मालकाचा स्वतःचा फायदाही आहे, आणि हे गावसभेत जितक्या लवकर सांगाल तितकं बरं. त्या साथीत सरकारने मृत दुधाळ गायीमागे ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत दिली. त्यासाठी पंचनामा लागत होता. रानात लपवून ठेवलेल्या आणि रात्री गुपचूप ओढ्यात टाकलेल्या गायीचा पंचनामा कोण करणार? शिवाय ओढ्यात पडलेलं ते जनावर पुढच्या गावाला रोग देऊ शकतं, कारण वाळलेल्या खपल्यांमध्ये हा विषाणू महिनाभर आणि त्याहून जास्त तग धरतो. मेलेलं जनावर आठ फूट खोल खड्ड्यात, खाली-वर चुना टाकून, वस्ती आणि विहिरीपासून लांब पुरावं.

लसीकरणाबद्दल दोन गोष्टी लोकांना आधी सांगून ठेवाव्या लागतात. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे ज्या गायीच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला आहे, तिला लस दिल्यानंतर चार दिवसांनी गाठी येतात आणि गावभर होतं, "लशीनंच रोग दिला." आमच्याकडे एका वस्तीवर या एका वाक्यामुळे लसीकरण थांबलं होतं. आम्ही तिथल्या जुन्या, मान असलेल्या शेतकऱ्यांच्या गायींना आधी लस दिली, रोज जाऊन त्या लोकांना दाखवल्या, तेव्हा दारं उघडली. दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. रोग निघालेल्या गावाच्या भोवतीच्या पाच किलोमीटरच्या परिघात निरोगी जनावरांना लस द्यायची, बाहेरून आत यायचं, आणि रोग असलेल्या घरी सगळ्यात शेवटी जायचं. प्रत्येक जनावराला नवी सुई. लस टोचायला आलेल्या माणसाने सुई बदलली नाही तर त्याला सरळ थांबवा, मग तो सरकारी असो की खासगी.

आजारी गायीला या विषाणूवर खास असं औषध नाही. ताप उतरवणं, जखमांत दुसरा जंतुसंसर्ग होऊ न देणं, तिला खातं-पितं ठेवणं, एवढंच आपल्या हातात असतं आणि तेवढ्यावर बहुतेक गायी वाचतात. लम्पीत सर्वसाधारणपणे मरतुक १ ते ५ टक्क्यांच्या आसपास राहते. संकरित गायी आणि वासरं जास्त दगावतात. मी पाहिलेल्या मृत्यूंमध्ये खूपशा गायी बसून राहिल्यामुळे गेल्या. पायांची सूज दुखते म्हणून गाय उठत नाही, फरशीवर अंग सोलतं, जखमांत माश्या बसतात, अळ्या पडतात. खाली मऊ माती नाहीतर पाचटाचा जाड थर घाला. मिठाच्या कोमट पाण्याने पाय शेका. दिवसातून काही वेळा कूस बदला, शक्य असेल तर आधार देऊन उभी करा. तोंडात व्रण असतील तर हिरवा लुसलुशीत चारा, कण्या-पेंडेची पातळ आंबोण द्या. हे काम घरच्या बायका रात्ररात्र करत होत्या. औषधापेक्षा त्यांच्या कष्टाने गायी उठल्या, हे मी कुठेही सांगेन. विड्याची पानं, मिरी, मीठ, गूळ यांचा पारंपरिक लाडू द्यायला हरकत नाही. पण तो दिला म्हणून डॉक्टरला बोलवायचं टाळू नका.

बरी झालेली गाय लगेच बाजारात नेऊ नये, वळू लगेच रेतनाला वापरू नये. त्याच्या वीर्यातून विषाणू बरेच दिवस बाहेर पडत राहतो. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची काळजी मला वेगळी वाटते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या भागांतून बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, आणि तळावर शेकडो बैल दाटीने राहतात. घर सोडण्याच्या किमान महिनाभर आधी त्या बैलांना लस मिळाली पाहिजे. कारखान्याने गाडी नोंदवताना लसीचा दाखला मागावा, आणि दाखला नसेल तर गाडी परत न पाठवता तिथेच लसीची सोय करावी.

२०२३ मध्ये साथ परत आली तेव्हा वासरं फार आजारी पडली. आदल्या वर्षीच्या लसीकरणानंतर जन्मलेल्यांना लस मिळालीच नव्हती. लस दरवर्षी लागते, तीही पावसाळ्याच्या आधी, कारण पाऊस पडला की माश्या-डास वाढतात. वासराला वेळेवर चीक पाजा आणि त्याचं लशीचं वय कधी होतं ते दवाखान्यात विचारून ठेवा. नवी गाय आणली तर ती चार आठवडे वेगळी बांधा. तिची बादली, दावं आणि तिच्याकडे बघणारा माणूस, जमेल तितकं सगळं वेगळं ठेवा.

आणि अंगावर एक जरी गाठ दिसली, तरी त्याच दिवशी १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. पित्ताच्या गांधी निघाल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. हा क्रमांक गोठ्याच्या खांबावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे घरात मोठं माणूस नसलं तरी पोरंसुद्धा फोन लावतील.