यशयाच्या वचनांविषयीं यहूदी लोकांचा आक्षेप

शास्त्रपाठ : यशया ७:१०-१७, ५२:१३ ते ५३:१२, प्रेषितांचीं कृत्यें ८:२६-४०.

धुळें व जळगांव जिल्ह्यांतील आपल्या खेड्यांत उपदेशकाला कोणी ना कोणी विचारतोच : "ज्यांच्या शास्त्रांत ख्रिस्ताचें भविष्य आहे म्हणतां, ते यहूदीच त्याला कां मानीत नाहींत?" यावर "त्यांनीं शास्त्र बदललें" असें उत्तर देण्याची आपणांपैकीं कित्येकांस संवय आहे. उत्तर सोपें आहे, पण खरें नाहीं. आणि शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा उपदेशकालाही आहे.

हा प्रश्न मराठी भाषेला नवा नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल लोक मराठी बोलणारे यहूदी होत. तेलाचा धंदा करीत व शब्बाथ पाळून शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले व १८३२ मध्यें त्यांनीं या लोकांकरितां मराठींत हिब्रू व्याकरण तयार केलें. मिशनच्या शाळांत त्यांचीं मुलें शिकलीं, मराठी जुना करार त्यांच्या घरांत गेला. यशया वाचला म्हणजे ते ख्रिस्ताकडे येतील, अशी मिशनरींची आशा होती. फार थोडे आले. बाकीच्यांनीं तोच ग्रंथ वाचून आपला धर्म अधिक घट्ट धरला, आणि पुढें जोसेफ एझकील राजपूरकर (१८३४-१९०५) यांनीं यहूदी प्रार्थना मराठींत आणल्या. तेव्हां त्यांचा नकार अज्ञानाचा म्हणतां येत नाहीं.

आतां त्यांचें म्हणणें पाहूं. यशया ७:१४ मध्यें आपल्या मराठी शास्त्रांत 'कुमारी' असा शब्द आहे. मूळ हिब्रू शब्द 'अल्मा', म्हणजे वयांत आलेली तरुण मुलगी. अक्षत कुमारिकेला 'बथूला' म्हणतात. उत्पत्ति २४:१६ मध्यें रिबकेला बथूला म्हटलें आहे व ४३ व्या वचनांत तिलाच अल्मा. म्हणजे अल्मा कुमारिका असूं शकते, पण केवळ त्या शब्दानें तें सिद्ध होत नाहीं. ख्रिस्तापूर्वीं यहूदी लोकांनींच जें ग्रीक भाषांतर केलें त्यांत कुमारिका हा अर्थ घेतला, आणि मत्तय १:२३ त्यालाच अनुसरतो.

यहूदी पुढें विचारतात : चिन्ह तर आहाज राजाला दिलें, दोन राजे त्याच्यावर चढून आले होते, सातशें वर्षांनंतर जन्मणाऱ्या बालकाचा त्याला काय उपयोग? हा आक्षेप फुंकरीनें उडण्यासारखा नाहीं. माझ्या मतें त्या वचनाला आहाजाच्या काळींही अर्थ होता, आणि मत्तयानें ख्रिस्ताला पाहिल्यावर त्यांत अधिक पूर्ण अर्थ ओळखला. हा विश्वासाचा अर्थ आहे. परक्याच्या डोक्यांत मारण्याची काठी नव्हे.

दुसऱ्या शतकांत जस्टिन यानें त्रुफो नामक यहूद्याशीं झालेला वाद लिहून ठेवला. त्रुफोही 'तरुण स्त्री' असेंच म्हणतो, आणि यहूदी शिक्षकांनीं कांहीं वचनें काढून टाकलीं असा आरोप जस्टिन करतो. परंतु १९४७ सालीं मृत समुद्राजवळच्या गुहेंत यशयाची जी गुंडाळी सांपडली ती ख्रिस्तापूर्वीं शंभराहून अधिक वर्षें लिहिलेली आहे, आणि तींतही 'अल्मा' हाच शब्द आहे. या वचनापुरता तरी यहूदी निर्दोष ठरला.

यशया ५३ विषयीं राशी (१०४०-११०५) या पंडितानें दुःख भोगणारा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र असें लिहिलें. ही त्याचीच युक्ति, असें आपण ऐकतों. तसें नव्हे. इ. स. २४८ च्या सुमारास ओरिगेन हा ख्रिस्ती लेखक हाच अर्थ यहूद्यांच्या तोंडून ऐकल्याचें सांगतो. उलट, जुन्या अरामी भाषांतरांत ५२:१३ मधील सेवकाला मशीहाच म्हटलें आहे, मात्र दुःखाचीं वचनें दुसऱ्यांकडे वळविलीं आहेत. म्हणजे यहूद्यांतही एकमत नव्हतें.

कूशी अधिकाऱ्यालाही तोच संशय होता : हा सेवक कोण? फिलिप्पानें त्याला मूर्ख म्हटलें नाहीं; रथांत त्याच्या शेजारीं बसून त्याच वचनापासून आरंभ केला.

वर्गांत हा पाठ घेतांना आधीं यशया ४९ मोठ्यानें वाचवून घ्यावा. ३ ऱ्या वचनांत सेवकाला इस्राएल असेंच म्हटलें आहे. ५ व्या व ६ व्या वचनांत तोच सेवक इस्राएलाला परत आणतो. यहूद्याचें बळ पहिल्या वचनांत आहे, आपलें पुढच्या दोहोंत. तिन्ही वचनें वाचल्याशिवाय चर्चा सुरू करूं नये.