देवमाशाचे पाय

'उत्क्रांती कोणी पाहिली?' हा प्रश्न आपल्याकडे अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. २०१८ साली औरंगाबाद येथे एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी हाच आक्षेप घेतला, तेव्हा देशातील विज्ञान अकादम्यांना संयुक्त निवेदन काढावे लागले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच वगळण्यात आला. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी त्याचा निषेध केला. दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे किंवा आयटीआयकडे वळणाऱ्या मुलाला हा विषय मग आयुष्यात पुन्हा भेटत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो पाठ आहे, एवढे समाधान.

तरीही प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. कोट्यवधी वर्षांत घडलेली गोष्ट डोळ्यांनी दिसत नाही, पुराव्यावरून जाणावी लागते. त्यासाठी देवमाशाइतका चांगला साक्षीदार नाही.

देवमासा नावाचा मासा. प्रत्यक्षात तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. मासा पोहताना शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. चौखूर धावणाऱ्या प्राण्याचा कणाही वर-खालीच वाकतो. त्याच्या देहात मागील बाजूस कटीची लहान हाडे मांसात रुतलेली असतात. त्याच्याच कुळातील डॉल्फिनच्या भ्रूणात मागील पायांचे अंकुर काही काळ दिसतात व पुढे विरून जातात. कधीच पाय नसलेल्या प्राण्यात हे अंकुर कशासाठी यावेत?

चार्ल्स डार्विनने १८५९ च्या ग्रंथात तोंड उघडे ठेवून पोहणाऱ्या अस्वलाचे उदाहरण देऊन असा प्राणी कसा घडू शकेल हे सुचविले. त्याची इतकी थट्टा झाली, की पुढील आवृत्तीत त्याने तो मजकूर आखडता घेतला. मधले दुवे त्याच्या हाती नव्हते. ते सापडले शतकाहून अधिक काळानंतर, आणि बरेचसे आपल्याच उपखंडात. पाकिस्तानात मिळालेला, चार पायांवर चालणारा पाकिसेटस १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यात व जमिनीवर दोन्हीकडे वावरणारा अँब्युलोसेटस १९९४ मध्ये. कच्छचा कच्छिसेटस २००० मध्ये. इजिप्तच्या वाळवंटातील बॅसिलोसॉरस तर पंधरा मीटर लांबीचा पूर्ण जलचर होता, पण त्याला हातभरही लांब नसलेले मागील पाय होते.

सर्वांत विलक्षण कथा जम्मू-काश्मीरमधील कालाकोटची. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तेथून गोळा केलेले दगड अनेक वर्षे न फोडताच पडून होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपविले. दगड साफ करताना एक कवटी चुकून भंगली आणि कानाचे हाड उघडे पडले. त्याची आतील कड जाड होती. अशी कड तोवर फक्त देवमाशांच्या कुळात ठाऊक होती! इंडोहायस नावाचा हा प्राणी सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, आकाराने मांजराहून फारसा मोठा नसलेला, खुरांचा. त्याची हाडे पाणघोड्याप्रमाणे जड होती. म्हणजे तो पाण्यात वावरत असावा. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. तो देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे, पूर्वजाचा सख्खा नातेवाईक म्हणावा.

बौद्ध वाचकाला येथे अनित्यतेची आठवण होईल. होऊ द्यावी, परंतु बुद्धांनी उत्क्रांती आधीच सांगितली होती, असा दावा करू नये. धम्माला त्याची गरज नाही आणि विज्ञानालाही नाही.

उत्क्रांतीचा खरा कस लागतो तो स्वतंत्र साक्षींच्या जुळणीत. १९९० च्या दशकात डीएनएच्या अभ्यासाने देवमाशाचा जिवंत प्राण्यांतील सर्वांत जवळचा आप्त पाणघोडा ठरविला. हाडांचा अभ्यास करणाऱ्या अनेकांना हे पटेना. २००१ मध्ये प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडे प्रसिद्ध झाली. घोट्याच्या त्या हाडाला दोन्ही टोकांस कप्पीसारखी खाच होती, जशी आपल्या गोठ्यातील गाईच्या घोट्यात असते.