परस्पर दिलेला नकार

अगं, सिंगापूरच्या पोस्टिंगबद्दल तुला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचा राग येणारच. पण त्या मीटिंगमध्ये काय झालं असेल, सांगू? तुझं नाव निघालं असणार. मग कुणीतरी अगदी मायेने म्हणालं असेल, "तिची मुलगी लहान आहे, कशाला तिला अडचणीत टाकायचं?" झालं! तुझ्या वतीने नकार देऊन मोकळे.

हे आजचं नाही. मॅकगिल विद्यापीठाच्या नॅन्सी ॲडलरने १९८०च्या दशकात हेच तपासलं. अमेरिका-कॅनडाच्या कंपन्यांनी परदेशी धाडलेल्या मॅनेजरांत बायका शेकडा ३. त्यांनाच जायचं नसतं म्हणावं, तर एमबीएच्या मुलींची तयारी मुलांइतकीच. तिकडचे लोक बाईला जुमानत नाहीत म्हणावं, तर आशियात काम केलेल्या बायका सांगत होत्या, तिथे आपण आधी परदेशी, बाई नंतर. अडत होतं हेड ऑफिसातच.

म्हणून बॉसला मेल टाक. तोंडी नको. मला जायचंय, अमुक महिन्यापासून जमेल, एवढंच. मुलीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, यातलं अक्षरही नको. पुरुष लिहितात का?

आणि पोस्टिंग मिळाली म्हणून हुरळू नकोस, काम कोणतं ते बघ. धंद्याचा नफा-तोटा ज्याच्या नावावर, तो वर चढतो. एचआर, कम्युनिकेशन इथे आपल्याला मानाने बसवतात आणि तिथेच ठेवतात. तू लीना नायरचं नाव घेशील. कोल्हापूरची, सांगलीच्या वालचंदमध्ये शिकलेली, एचआरमधूनच २०२२ साली शनेलची सीईओ झाली. खरंय. पण अशा किती? एका हाताची बोटं पुरतील.

खरी गाठ नवऱ्याच्या नोकरीशी आहे बघ. सिंगापुरात मे २०२१पासून जोडीदार म्हणून मिळणाऱ्या नुसत्या डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही, स्वतःचा वर्क पास लागतो. बायको नवऱ्यामागे गेली तर कुणी काही विचारत नाही, नवरा गेला की सगळ्या नातेवाइकांना काळजी. त्याच्याशी आत्ताच मोकळेपणी बोल, आणि त्याला नोकरी शोधायला कंपनी काय मदत करेल, तेही माग.

परतल्यावर कोणती जागा मिळणार, तेसुद्धा लेखी घे. तोवर इथला बॉस बदललेला असेल आणि नव्याला तू कोण, याचा पत्ताही नसेल.

मेल पाठवण्याआधी मला दाखव. त्यातले 'सॉरी' मी खोडते.